केसांच्या मुळाशी पाझरणारं तेल

केस वरचेवर धुतले की डोकं जास्त तेल सोडतं. म्हणून दोन धुण्यांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्यावं, म्हणजे डोक्याला सवय लागते आणि तेल सुटायचं कमी होतं. पार्लरमध्ये, हॉस्टेलवर, मोबाइलवरच्या रीलमध्ये हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की तो खरा आहे का, हे विचारायचंही कुणाला सुचत नाही. तो खरा नाही. त्यापायी कितीतरी मुली डोक्याला खाज सुटलेली असताना, कोंडा खांद्यावर पडत असताना 'अजून दोन दिवस कळ काढू' म्हणत बसतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

हे तेल येतं कुठून, ते आधी पाहू. केसाचं मूळ त्वचेत ज्या नळीत रुतलेलं असतं, तिच्या कुशीला एक इवलीशी तैलग्रंथी चिकटलेली असते. चेहऱ्यावर आणि डोक्यावर या ग्रंथींची सर्वांत जास्त दाटी. एका चौरस सेंटिमीटरमध्ये 400 ते 900. घामाची ग्रंथी घाम बाहेर टाकते आणि स्वतः शाबूत राहते. तैलग्रंथीचं काम अगदी निराळं. तिच्या कडेला नव्या पेशी जन्मतात, आतल्या बाजूला सरकता सरकता त्यांच्यात स्निग्ध थेंब साठत जातात, पेशी फुगत जाते आणि शेवटी फुटते. नळीतून वर येतं ते त्या पेशीचंच अवघं शरीर. जन्मापासून फुटण्यापर्यंतच्या या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे आज सकाळी भांगात जो तेलकटपणा दिसतो आहे, त्याची तयारी पंधरवड्यापूर्वीच सुरू झालेली होती. काल शॅम्पू लावला की नाही, हे त्या पेशींना कळण्याचा मार्गच नाही.

ग्रंथीला हुकूम मिळतो तो रक्तातून. टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्यापासून बनणारं अधिक प्रभावी रूप, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, ही संप्रेरकं तेलाचा वेग ठरवतात. याचा पुरावा प्रत्येक घरात वयोमानाप्रमाणे दिसतो. नवजात बाळाच्या ग्रंथी आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे चांगल्याच जाग्या असतात. पुष्कळ तान्ह्या बाळांच्या टाळूवर पिवळट चिकट पापुद्रे धरतात, त्यामागे हेही एक कारण. मग काही महिन्यांत त्या निवतात आणि आठ-नऊ वर्षांपर्यंत जवळजवळ गप्प राहतात. दुसरीतल्या मुलाने चार दिवस डोकं धुतलं नाही तरी केस भुरभुरीत असतात, ते यामुळे. वयात येताना ग्रंथी पुन्हा कामाला लागतात. बायकांमध्ये पाळी गेल्यावर तेल बरंच उतरतं, पुरुषांमध्ये ते म्हातारपणापर्यंत फारसं हटत नाही. एकाच न्हाणीघरात नाहणाऱ्या आजीला आणि नातीला डोकं धुण्याचा एकच वार कसा लागू पडावा?

मग 'धुतलं की वाढतं' ही समजूत आली कुठून? तिचं मूळ एका खऱ्या निरीक्षणात आहे आणि मला ते फार उद्बोधक वाटतं. कपाळ स्वच्छ पुसलं की पहिल्या काही तासांत तेल भराभर परत येतं, मग त्याचा थर एका पातळीला येऊन थबकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही संशोधकांनी यावरून तर्क केला की पृष्ठभागावरचा थर पुरेसा झाला की ग्रंथी थांबते, आणि थर पुसला की पुन्हा चालू होते. अल्बर्ट क्लिगमन आणि वॉल्टर शेली या अमेरिकी त्वचावैज्ञानिकांनी 1958 मध्ये या तर्काची कसून तपासणी केली. ग्रंथी अखंड चालू असते, वर तेल असो वा नसो, असं त्यांनी मांडलं. पुसल्यावर जे पटकन वर येतं ते केसाच्या नळीत आधीच साठून राहिलेलं तेल. आणि थर थबकतो तो त्वचेवर मावेल तेवढंच मावतं म्हणून. उरलेलं पसरतं, उशीला, हाताला, केसांना लागून जातं. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगाच्या कैद्यांवर केलेले प्रयोग वैद्यकीय नीतीच्या इतिहासातला काळा डाग आहेत. त्यांचं नाव घेताना हेही सांगायला हवं.)

तेल मोजायची रीत तर साधी आणि सुंदर होती. जॉन स्ट्रॉस आणि पीटर पोची यांनी 1961 मध्ये ती मांडली. कपाळ पुसून घ्यायचं, त्यावर सिगारेट वळायचे पातळ कागद ठेवून पट्टीने बांधायचे, तीन तास थांबायचं, मग कागदात मुरलेलं तेल ईथरमध्ये विरघळवून काढायचं आणि वजन करायचं. प्रौढ माणसात 10 चौरस सेंटिमीटर त्वचेमागे तीन तासांना सरासरी एक मिलिग्रॅमच्या आसपास तेल निघतं. त्याच्या दीडपट किंवा अधिक निघालं तर ती त्वचा तेलकट. घरी इतकं करायची गरज नाही. सकाळी उठल्याउठल्या पातळ टिपकागद कपाळावर दाबून उजेडात धरला, तर जिथे जिथे ग्रंथीचं तोंड होतं तिथे कागद पारदर्शक झालेला दिसतो. नंतर चेहरा कितीही वेळा धुवा, दुसऱ्या दिवशी सकाळचा कागद साधारण तसाच दिसेल.

तापमानाने मात्र फरक पडतो. त्वचेचं तापमान एका अंशाने वाढलं की तेल बाहेर येण्याचा वेग सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो, असं कनलिफ आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये दाखवलं. ग्रंथी जास्त तेल बनवते असं नव्हे, तेल पातळ होऊन लवकर वर येतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हेल्मेटखाली स्कार्फ बांधून गाडी चालवणारीला आदल्या रात्रीचे धुतलेले केस संध्याकाळी चिपचिपीत वाटतात, ते उगाच नाही. त्यातच तिचे केस सरळ आणि बारीक असले, तर पणतीच्या वातीत तेल चढतं तसं ते मुळापासून वर चढत जातं. कुरळ्या केसांत वळणावळणावर अडतं. आफ्रिकी वंशाच्या लोकांना अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ आठवड्या-पंधरवड्यातून एकदाच धुवायला सांगतात, ते याच कारणाने: तिथे केसाचं टोक कायम कोरडं असतं.

तेल तसंच राहू दिलं तर बिघडतं काय? इथे मॅलासेझिया नावाच्या यीस्टचा प्रवेश होतो. फ्रेंच वैद्य लुई-शार्ल मालासे यांनी 1874 मध्ये कोंड्याच्या खपल्यांत ती पाहिली. ती जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर असते. तिला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत. 2007 मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यासाठी लागणारं जनुकच तिच्याकडे नसल्याचं कळलं. म्हणून ती आपल्या तेलावर जगते. तेलाचे रेणू तोडते, त्यातली संपृक्त आम्लं खाते आणि ओलिक आम्लासारखी असंपृक्त आम्लं मागे सोडते. काहींच्या त्वचेला ती चालतात, काहींची त्वचा त्यांनी चिडते, पेशी घाईघाईने सुटू लागतात आणि कोंडा पडतो. जगातल्या जवळपास निम्म्या प्रौढांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. आपल्याकडे खपल्या दिसल्या की 'डोकं कोरडं पडलंय, तेल घाल' म्हणतात. तेलाने खपल्या चिकटून बसतात, दोन दिवस दिसत नाहीत, एवढंच. कोंड्याच्या डोक्याला तेल थापण्यापेक्षा ते धुवायला हवं, आणि कीटोकोनाझोलचा शॅम्पू दिला असेल तर फेस तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवून.

2021 मध्ये आशियाई लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच-सहा वेळा धुणारे आपल्या केसांवर आणि डोक्याच्या त्वचेवर सर्वांत समाधानी होते आणि जास्त धुण्याने केसांची काही हानी आढळली नाही. अभ्यास करणाऱ्यांत शॅम्पू विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलचे शास्त्रज्ञ होते, हे लक्षात ठेवून तो वाचावा. माझ्या मते त्यातून 'रोज धुवा' असं निघत नाही. 'रोज धुतलं तरी चालतं' इतकं निघतं. बीडच्या, लातूरच्या ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे आठवड्यातून एकदा न्हाणं हीच चैन आहे, आणि डोकं खाजत नसेल तर त्यात काही चुकत नाही.

जपायचं असतं ते केसाला. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं जुनं असतं, आणि तेवढ्या वर्षांचं धुणं, विंचरणं, ऊन सोसून आलेलं असतं. ते मेलेलं आहे, स्वतःहून भरून येत नाही. भिजला की केस फुगतो, सुकला की आकसतो, आणि यात त्याची प्रथिनं झिजतात. इथे आपल्या आज्यांचं खोबरेल कामाला येतं. मुंबईत मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल ताडून पाहिलं. 2003 मध्ये ते प्रसिद्ध झालं. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलानेच प्रथिनांची झीज कमी झाली. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं. कंपनी खोबरेल विकते हे खरं, पण कारण रसायनशास्त्रात पटणारं आहे. तेव्हा शॅम्पू डोक्याच्या त्वचेला, बोटांच्या पेरांनी. खोबरेल धुण्याआधी लांबीला. शिकेकाई-रिठ्याचा फेसही तेल काढतोच. अंगाचा साबण मात्र अल्कधर्मी, आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्यात त्याची चिकट साय केसांवर बसते. तो डोक्याला नको.

धुण्याची धास्ती असते ती बहुधा जाळीत अडकलेल्या केसांच्या गुंतवळ्यामुळे. दिवसाला 50 ते 100 केस प्रत्येकाचे गळतात. त्यांची मुळं आधीच सुटलेली असतात, पाणी त्यांना फक्त बाहेर काढतं. आठवड्याने न्हाणाऱ्या बाईच्या हातात सबंध आठवड्याचे केस एकदम येतात आणि ती घाबरून पुढच्या वेळी दहा दिवस थांबते, मग गुंतवळ आणखी मोठी निघते. त्यापेक्षा भांग रुंद होतोय का, हे दर महिन्याला एकाच उजेडात फोटो काढून पाहावं. होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. तिथे बहुधा आधी रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासायला सांगतात.