भोपळ्याची बाकी

मे महिन्यातला पहिला रविवार. नगर जिल्ह्यातलं खेडं, दगडी भिंतींचं चर्च, वर पत्रे. उपासना साडेनऊची आहे, पण सव्वानऊलाच पत्रे तडतडायला लागलेत. आवारातल्या लिंबाची सावली सगळ्या मंडळीला पुरेल एवढी आहे. तरी पाच-सहा जण फाटकाशी उन्हात उभे आहेत. सावलीत खजिनदार उभे आहेत, म्हणून.

घंटा होते. दारात चपलांचा ढीग पडतो. सतरंजीवर डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. पेटीचा भाता हलतो, टाळ वाजतात, भजन सुरू होतं आणि फाटकाजवळचे व सावलीतले एकाच सुरात गातात. भांडणं माहीत असणाऱ्या माणसाला हे गाणं ऐकताना आत काहीतरी हलतं. मला तरी हलतं.

आज प्रभुभोजन आहे. पाळक पौलाचं करिंथकरांना पत्र काढतात. ते लिहिलं गेलं तेव्हा साधारण इसवी सन ५५ चालू आहे आणि करिंथची मंडळी जेमतेम चार-पाच वर्षांची आहे. तेवढ्यात तिथे गट पडलेत. भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. प्रभुभोजनाला कुणी पोटभर खातोय, कुणी उपाशी बसलाय. पाळक आवाज चढवत नाहीत. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी उगाच खाकरतं.

मग रांग लागते. वेदीपुढे सात-आठ जण गुडघे टेकतात, भाकर घेतात. पेल्याची कड दर वेळी पांढऱ्या रुमालाने पुसली जाते. १८३१ मध्ये अमेरिकन मिशनरी नगरला आले आणि १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर खेडोपाडी मंडळ्या वाढल्या. गावात ज्यांचे पाणवठेसुद्धा वेगळे होते, त्यांनी इथे एका पेल्याला ओठ लावले. तेही कुरबुरीशिवाय झालेलं नाही. रांग पुढे सरकते. घामाने सदरे पाठीला चिकटलेत. एक म्हातारे आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उठतात.

तिसऱ्या रांगेतल्या काकू मात्र उठत नाहीत. पदर पुढे ओढून बसून राहतात. शेजारीण कोपराने खुणावते, तरी नाही. मला त्यात रुसवा दिसत नाही. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी आधी समेट कर, मग वेदीपाशी अर्पण आण, असं येशूने सांगितलंय. काकूंनी ते जसंच्या तसं धरलंय. एवढं मनावर घेणारी माणसं मंडळीत फार नसतात.

उपासनेनंतर चहा, आणि चहानंतर वार्षिक सभा. पंखा एकच, तो टेबलाकडे वळवलेला. मागचा वृत्तांत वाचला जातो, कुणी ऐकत नाही. हिशेब सुरू होतो तशा माना वर होतात. खजिनदार सुगीच्या सणाच्या लिलावाची येणे बाकी वाचतात, नावांसकट. काकूंचं नाव येतं. भोपळा, ५०० रुपये.

भोपळ्याचं असं असतं, की बोली लावून घेतलेली वस्तू बरेच जण देवाला परत देतात आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. काकूंनी पहिली बोली ७०० रुपयांना घेतली, पैसे रोख दिले, भोपळा परत दिला. दुसरी बोली त्यांच्या पुतण्याची. वहीत नाव काकूंचं.

"भर मंडळीत मला बुडवी म्हणता?"

"वहीत आहे ते वाचलं, काकू."

मग सगळेच बोलतात. दहा वर्षांपूर्वीची कबरस्तानाची भिंत निघते. कुणाच्या लग्नात कुणाला पत्रिका नव्हती, तेही निघतं. मागून एक तरुण ओरडतो, "धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज टाकतो!" १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदा इथे पोरांनाही ठाऊक आहे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज, त्यावर हरकत, मग तारखांवर तारखा. त्या तारखांना माणसं म्हातारी होताना मी पाहिली आहेत.

पाळक उठतात. "खजिनदारसाहेब, नाव वाचायच्या आधी काकूंच्या घरी गेला होतात का?"

उत्तर येत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे. आधी तू आणि तो, दोघंच. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने. त्यानंतर मंडळी. आपण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो, आणि तीही माईकवर. पहिली पायरी अवघड आहे, कारण तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं.

सभा दीड वाजता उठते. ओट्यावर पावतीपुस्तक उघडलं जातं. खजिनदार चष्मा कपाळावर सरकवून कार्बनच्या निळ्या अक्षरांवरून बोट फिरवतात. ७००ची पावती सापडते.

"मग बाकीत माझं नाव का?"

"घाई झाली त्या दिवशी. एकच आडनाव."

"सभेत वाचलंत. सभेतच खोडा."

"पुढच्या रविवारी खोडतो. त्याआधी पुतण्याशी बोलायला मंगळवारी घरी येतो."

काकू चपला शोधत आहेत. "या," त्या म्हणतात. "पण एकटेच या. सेक्रेटरींना आणू नका."