वाळूवरील घरटी आणि आपली पावले

उन्हाळ्यात कृष्णेचे पाणी ओसरले, की कराडच्या प्रीतिसंगमापासून सांगलीजवळच्या हरिपूर संगमापर्यंत ठिकठिकाणी वाळूचे व गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. नदी सुरय, टिटवी, कंठेरी चिखल्या हे पक्षी अशाच जागी वीण करतात. ते झाडावर घरटे बांधत नाहीत. उथळ खळग्यात अंडी घालतात. अंड्यांचा रंग खड्यांसारखाच असल्याने ती शत्रूला सहज दिसत नाहीत, तशी माणसालाही दिसत नाहीत.

पायाखाली अंडे फुटणे हा उघड घात होय. दुसरा घात लक्षातही येत नाही. माणूस किंवा कुत्रा जवळ येताच पक्षी उठतो. वैशाखातील दुपारी त्याचे अंड्यांवर बसणे मुख्यतः सावलीसाठी असते. टिटवी तर पोटाची पिसे भिजवून अंडी गार राखते. ती बराच वेळ दूर राहिली, तर आतील जीव उष्णतेने मरतो किंवा कावळा अंडे पळवतो. डोक्यावर ओरडत फिरणारी टिटवी अपशकुन करीत नसते. ती पिलांसाठी आकांत करीत असते.

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पायपिंग प्लोव्हर या चिखल्याच्या १९८६ मध्ये सुमारे ७९० जोड्याच उरल्या होत्या. तेथे स्वयंसेवक विणीच्या जागेभोवती दोरी बांधतात, फलक लावतात, येणाऱ्यांना समजावतात. संरक्षणाच्या अशा प्रयत्नांनी २०२१ पर्यंत जोड्यांची संख्या दोन हजारांवर गेली. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने ग्रामस्थांच्या साहाय्याने २००२ पासून कासवांची अंडी राखली.

नदी सुरय २०२० पासून जागतिक सूचीत ‘असुरक्षित’ गणला जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना बाधा पोहोचविणे ही शिकारच मानली जाते.

पाखरांसाठी दाणा-पाणी ठेवण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. येथे मात्र दूर राहणे हीच जीवदया. मुनिराज ईर्यासमिती पाळून चार हात भूमी न्याहाळीत चालतात. श्रावकाने फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात नदीकाठी तेवढे भान ठेवावे. वाळूवर वाहन नेऊ नये, कुत्रे मोकळे सोडू नये, छायाचित्रासाठी अंड्यांजवळ जाऊ नये. तरुण मंडळांनी वन विभागाशी बोलून सुट्टीच्या दिवशी काठावर उभे राहावे व येणाऱ्यांना नम्रपणे वाट बदलण्यास सांगावे. घर वा दुकान बांधताना वाळू कोठून आली, हेही विचारावे. नदीतून उपसलेल्या वाळूबरोबर विणीची जागाच नाहीशी होते.