जीव घाबरा होतो तेव्हा

छातीत धस्स होणे, पोटात गोळा येणे, हातपाय गार पडणे, घशाला कोरड पडणे. भीतीसाठी मराठीत जे शब्दप्रयोग आहेत, ते बहुतेक शरीराशी बांधलेले आहेत. गुंजवणे आणि आसपासच्या वाड्यांवर बोलताबोलता ऐकलेले असे शब्दप्रयोग मी काही वर्षे टिपून ठेवले. शरीरशास्त्राची पुस्तके शेजारी ठेवून ती यादी वाचली, तेव्हा जाणवले की हे हायपोथॅलॅमसच्या कामाचेच वर्णन आहे.

मेंदूच्या तळाशी, थॅलॅमसच्या खाली असलेला हा भाग जेमतेम बदामाएवढा. वजन सुमारे ४ ग्रॅम. भूक, तहान, झोप, तापमान हे सारे तो सांभाळतो. भुकेशी असलेले त्याचे नाते १९५१ मध्ये बाळकृष्ण आनंद या भारतीय संशोधकाने जॉन ब्रोबेक यांच्यासह अमेरिकेत दाखवून दिले. त्याआधी स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांनी मांजराच्या मेंदूतील या भागाला विजेचा सौम्य झटका दिला, तेव्हा समोर शत्रू नसतानाही मांजर फिस्कारून अंगावर येई. हेस यांना १९४९ चे नोबेल मिळाले.

गुंजवण्याहून राजगडाच्या चोरदरवाजाकडे चढताना शेवटच्या कातळावर पाय सटकला, तर काय होते? हायपोथॅलॅमसकडून दोन निरोप निघतात. पहिला मज्जातंतूंमार्फत, क्षणात. अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनलिन सोडते, छाती धडधडते, कातडीकडचे रक्त स्नायूंकडे वळते म्हणून हात गार पडतात, आतड्यांचे काम मंदावते म्हणून पोटात गोळा येतो. दुसरा निरोप रक्तातून, सावकाश. हायपोथॅलॅमसचे सीआरएच हे रसायन पिट्युटरीला जागे करते, पिट्युटरी अॅड्रिनलला, आणि काही मिनिटांत रक्तात कॉर्टिसॉल वाढते. हेच कॉर्टिसॉल परत मेंदूत पोचून ‘आता पुरे’ असे सांगते.

चिंताविकारात कातळ नसतो, तरी निरोप सुटत राहतात. दोष एकट्या हायपोथॅलॅमसचा मानता येत नाही. धोका आहे की नाही, हे अमिग्डला आणि कपाळामागचा मेंदू ठरवतात; आठवणींचा हिप्पोकॅम्पस त्यात भर घालतो. हायपोथॅलॅमस हुकूम अंमलात आणतो. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यात माळीणवर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गेली. त्यानंतर डोंगरपायथ्याच्या घरांत पावसाच्या नुसत्या आवाजाने उठून बसणारी माणसे मी पाहिली आहेत. आवाज तोच, त्याचा अर्थ बदलला होता.

सीआरएचची रचना १९८१ मध्ये वायली व्हेल आणि सहकाऱ्यांनी उलगडली, तेव्हा त्याला अडवणारे औषध चिंता मिटवेल अशी आशा होती. माणसांवरील चाचण्यांत ती फळली नाही. कॉर्टिसॉलचेही तसेच. काही रुग्णांत ते वाढलेले, तर आघातानंतरच्या विकारात काहींमध्ये उलट कमी आढळते. म्हणूनच रक्त तपासून चिंताविकाराचे निदान होत नाही.

नेमका इथेच घोळ होतो. माझ्या ओळखीच्या एका वहिनींचा ईसीजी चांगला आला आणि घरात निकाल लागला: ‘काही झालेलं नाही, नाटकं आहेत.’ हृदय आणि थायरॉइड तपासून घ्यायलाच हवे, कारण त्यांचे आजारही असेच धडधडतात. पण अहवाल चांगला आला म्हणून धडधड खोटी ठरत नाही. तिच्यामागे खरी रसायने असतात, खरे मज्जातंतू असतात.

हायपोथॅलॅमसला हुकूम देता येत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि आपल्या ताब्यातही असतो. तो संथ, लांब सोडला की हृदयाची गती उतरते. विचार व वर्तनावर काम करणारी मानसोपचार पद्धत धोक्याचा अंदाजच सुधारते. गरज असेल तिथे औषधेही उपयोगी पडतात. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. ज्या घरात ‘जीव घाबरा होतोय’ हे वाक्य वारंवार ऐकू येते, तिथे हा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावा.