तीन तासांवरचं वाळवंट

डोंबिवलीहून सीएसएमटीला कामाला जाऊन परत घरी यायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्या वेळात विमान मुंबईहून दुबईला पोचतं. घड्याळ फक्त दीड तास मागे करायचं. दुबईच्या ओढीबद्दल लिहिताना बहुतेक जण ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफापासून सुरुवात करतात. मला हे अंतर जास्त महत्त्वाचं वाटतं. दुबई पुरेशी परकी नाही, म्हणूनच ती ठाणे-कल्याणच्या माणसाला मानवते.

ही जवळीक जुनी आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख येतो. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस कल्याणहून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जात असल्याचं लिहितो. इ.स. ६३६च्या सुमारास ओमानकडून निघालेलं अरबी आरमार ठाण्यावर चालून आलं, अशी इतिहासकार बलाझुरीची नोंद आहे. (ओळख वाढवण्याची ही रीत जरा आडदांडच.)

पुढे तर चलनही एकच झालं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आखातात आपला रुपया चाले. त्या वाटेनं सोन्याची तस्करी फोफावली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं १९५९ साली केवळ आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईनं रुपया सोडला. त्याच वर्षी तिथं समुद्रात तेल सापडलं. पण दुबईचे शासक शेख रशीद यांनी त्याच्या कितीतरी आधी, कर्ज काढून, दुबईच्या खाडीतला गाळ उपसून घेतला होता. मोठी गलबतं आत येऊ लागली, व्यापार वाढला. तेल नंतर आलं. उल्हास खाडीचा गाळ रोज लोकलच्या खिडकीतून बघणाऱ्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

पर्यटकाची दुबई नोव्हेंबर ते मार्च एवढीच असते. गाडीतून वाळूच्या टेकड्यांवर धडधडत जायचं, उंटावर फोटो, नाच, जेवण, की रात्री हॉटेलवर परत. वाळवंट एवढंच वाट्याला येतं, आणि खरं सांगायचं तर तेवढं पुरतं. मला त्यापेक्षा खाडीकाठचा जुना फहीदी भाग मोलाचा वाटतो. इराणी व्यापाऱ्यांनी बांधलेल्या तिथल्या घरांवर वारा पकडणारे मनोरे आहेत. वरून जाणारी झुळूक ते खाली खोलीत उतरवतात. वातानुकूलन यंत्रं येण्याआधी माणसं इथं कशी राहिली, ते त्या खोलीत उभं राहिल्यावर कळतं. पलीकडे देइराच्या सोनेबाजाराला लाकडी होडीतून जाता येतं. तिला अब्रा म्हणतात.

तिथं राहणाऱ्याची दुबई वेगळीच. पगारावर आयकर नाही, २००९ पासून चालकाविना धावणारी मेट्रो, रात्री उशिरा एकटीनं घरी येण्याची निर्धास्ती आणि करामा किंवा बर दुबईत सहज मिळणारे पोहे-साबुदाणा. भाडं परवडेना तर शारजात राहायचं आणि रोज रस्त्यावर अडकायचं. डोंबिवलीकराला त्याची सवय असतेच. पण उन्हाळा कुणाला चुकत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. ज्यांच्या घामावर मनोरे उभे राहिले त्या मजुरांना सवलत मिळते ती या अडीच तासांची. शाळांना सुट्टी लागली की ज्यांना परवडतं ती कुटुंबं जुलै-ऑगस्टमध्ये गावी येतात. आपण ज्या पावसाला वैतागतो, तो बघायला मुलं खिडकीशी बसतात.

१६ एप्रिल २०२४ला मात्र दुबईतच धो धो कोसळला. विमानतळावर दिवसभरात सुमारे १४२ मिलिमीटर. ठाण्यात जुलैमध्ये एवढा पाऊस म्हणजे फार तर शाळेला सुट्टी. तिथं धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या.

परदेशी माणसाला २००२ पासून ठरावीक भागांत घर विकत घेता येतं, २०१९ पासून दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसाही मिळू शकतो. नागरिकत्व मात्र अगदी मोजक्यांना. बाकीच्यांचा मुक्काम बहुधा नोकरीच्या व्हिसावरच अवलंबून, नोकरी गेली की सामान बांधायचं. त्यामुळे वीस-वीस वर्षं तिथं काढलेली माणसंही म्हातारपणासाठी फ्लॅट बघतात तो कल्याण-शीळ रस्त्यावर.