एम.बी.ए. साधी आणि एम.बी.ए. संशोधनाची



ऊसबिलाच्या चौकशीसाठी आलेले आपले एक सभासद मागे काम उरकल्यावरही बाकावरून उठेनात. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. शेवटी म्हणाले, "पोरगं परदेशात एम.बी.ए. करतो म्हणतंय. साधी नव्हे, संशोधनाची. तीस गुंठे काढायचं चाललंय. तुमचं काय म्हणणं?" आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही, कारण खरे सांगायचे तर तो फरक आम्हालाही नीट ठाऊक नव्हता. मग चार जाणत्यांना विचारले, नियम वाचून काढले. बऱ्याच घरांत आता पदवी झालेली मुले-मुली आहेत, म्हणून कळले ते येथे मांडत आहोत.

साधी एम.बी.ए. आपल्या परिचयाची आहे. दोन वर्षे वर्गात बसायचे, हिशेब, बाजारपेठ, उत्पादन, कामगारांची व्यवस्था असे विषय शिकायचे, मध्ये दोनेक महिने एखाद्या कंपनीत जाऊन प्रकल्प करायचा आणि परीक्षा द्यायची. रोख असतो नोकरीवर. संशोधनाच्या पदवीत वर्ग थोडे. तिथे मुलाने एकच प्रश्न घ्यायचा, मार्गदर्शकाच्या हाताखाली त्याची माहिती गोळा करायची, ती तपासायची आणि प्रबंध लिहायचा. तो प्रबंध बाहेरचे परीक्षक वाचतात आणि बहुतेक ठिकाणी समोर बसवून उलटतपासणीही घेतात.

आता 'प्रश्न' म्हणजे काय, हे आपल्याच घरातल्या उदाहरणाने पाहू. तोडलेला ऊस रानात पडून राहिला की वाळतो, वजनात तूट येते आणि साखरही घटते, उन्हाळ्यात जास्तच. हे सांगायला कोणी शिकलेला माणूस लागत नाही. पण आपल्याकडे तोडीपासून गव्हाणीपर्यंत नक्की किती तास जातात? त्यातले रानात किती, वाहनाची वाट पाहण्यात किती, यार्डातल्या रांगेत किती? विचारा बरे. शेतकरी म्हणेल गाडी उशिरा आली, गाडीवाला म्हणेल टोळीने मोळ्याच बांधल्या नव्हत्या, मुकादम म्हणेल स्लिपच उशिरा मिळाली आणि शेती खाते म्हणेल यार्ड भरले होते. चौघेही शपथेवर सांगतील. ही झाली तक्रार. तिचे संशोधन करायचे तर शे-दोनशे गाड्यांच्या तोडीची, भरणीची आणि काट्याची वेळ लिहून काढावी लागेल.

तेवढ्यानेही भागत नाही. खोडव्याची गाडी लवकर आली आणि आडसालीची उशिरा, तर दोन्हींच्या उताऱ्यातला फरक वेळेमुळे पडला की उसामुळे, हे कसे कळणार? तेव्हा को ८६०३२ ची तुलना को ८६०३२ शीच, लागणीची लागणीशी, डिसेंबरच्या तोडीची डिसेंबरच्या तोडीशी करावी लागते. ही चाळणी लावायला शिकणे हेच या पदवीचे खरे शिक्षण. आणि चाळून झाल्यावर जे खाली राहील ते आपल्याला गोड लागेलच असे नाही. दोष यार्डात निघेल, नाहीतर आपण स्वतःच टोळीला दोन दिवस आधी फड मोकळा करून दिलेला निघेल. निकाल आधी ठरवून आकडे मागाहून गोळा करणारा पोरगा या वाटेला जाऊ नये.

याचा पैशाशी काय संबंध, तेही सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. धरली आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढवून दिले. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात उतारा मूळ पायाच्या वर ०.१ ने चढला तर १ कोटी ७३ लाख रुपये होतात. तोडणी-वाहतूक वजा व्हायची ती वेगळी. शिवाय उतारा सगळ्या कारखान्याचा मिळून धरतात, त्यामुळे एकाच्या वाळलेल्या मोळीचा भार शेजाऱ्याच्या बिलावरही पडतो. इतका मोठा आकडा ज्याच्यावर हलतो, तो प्रश्न पदवीला लहान म्हणता येणार नाही.

अशा पदवीचा माणूस आपल्या धंद्यात पूर्वी होऊन गेला आहे. प्रा. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकले. तिथे त्यांनी एम.लिट. ही संशोधनाचीच पदवी घेतली. पदवी अर्थशास्त्राच्या वळणाची, एम.बी.ए. नव्हे, पण रीत हीच. हिंदुस्थानात उद्योगधंदे कसे बदलत गेले, हा त्यांचा प्रश्न. तो प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने निघाला आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते संचालक झाले. १९४० साली संस्थेने वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी प्रसिद्ध केली. शेतीला धंदा म्हणून तिचा जमाखर्च मांडायचे हे काम त्या काळी किती जणांना सुचले असेल? पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास तो चालू झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ. माणसे जमवणारा एक आणि आकडे जमवणारा एक, अशी ती जोडी होती.

आता नियमांकडे वळू. आपल्याकडे पूर्वी एम.फिल. नावाची संशोधनाची पदवी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ती बंद केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिला प्रवेश घेऊ नका असे पुन्हा बजावले. कोणी अजून ती देऊ करत असेल तर दुरून नमस्कार करावा. जून २०२४ मध्ये आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचा नवा आराखडा काढला. त्यात दोन वर्षांच्या पदवीचे दुसरे वर्ष संपूर्ण संशोधनाला देण्याची सोय आहे. मात्र एम.बी.ए.वर तंत्रशिक्षण परिषदेचीही देखरेख असते, म्हणून त्या त्या विद्यापीठात ही सोय आहे का, ते लेखी विचारावे. पुढे पीएच.डी.ला जायचे तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झालेल्याला सरळही अर्ज करता येतो, मधली पदवी लागत नाही. ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

परदेशात ब्रिटनमध्ये एम.रेस., एम.फिल. अशा नावांनी हे शिक्षण मिळते. ऑस्ट्रेलियात संशोधनाची मास्टर्स म्हणवायची तर किमान दोन-तृतीयांश भाग संशोधनाचा असावा लागतो. नाव काहीही असो, प्रवेशाआधी मुलाने मार्गदर्शकाला पत्र लिहून आपला प्रश्न कळवला का आणि त्याचे उत्तर आले का, एवढे वडिलांनी जरूर विचारावे. मार्गदर्शक कोण हेच ठाऊक नसेल तर फी भरण्याची घाई कशाला? परत येऊन इथे नोकरी किंवा पुढचे शिक्षण करायचे तर पदवीची समकक्षता लागते, त्याचे नियम आयोगाने २०२५ साली केले आहेत.

एजंटांबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. आमच्या नात्यातल्या एका मुलाला घरबसल्या सहा महिन्यांत 'संशोधनाची एम.बी.ए.' देणारा एक जण भेटला. प्रबंधही तेच लिहून देणार होते! पैसे गेले, कागद आला, पण तो कागद कुठेच चालला नाही. ऊस न लावता काट्यावर वजन मागण्यातला हा प्रकार.

ज्याला लवकर पगार सुरू व्हायला हवा, घरावर कर्ज आहे, त्याने साधी एम.बी.ए. चांगल्या ठिकाणी करावी, त्यात कमीपणा काही नाही. ज्याला एका गोष्टीच्या मागे वर्ष-दोन वर्षे लागायची खोड आहे, शिकवायची किंवा धोरणाच्या कामाची ओढ आहे, त्याने संशोधनाकडे जावे.

त्या सभासदांना आम्ही निरोप पाठवला की जमिनीचा व्यवहार थांबवा आणि मुलाला इकडे पाठवून द्या. तो आला. अर्ज करण्याआधी मागच्या हंगामातल्या दोनशे गाड्यांच्या वेळा काढून बघ, कंटाळा आला तर तेही कळेल, असे त्याला सांगितले. सध्या तो गट ऑफिसात बसून स्लिपा उतरवतो आहे. चिटबॉय त्याला हसतात, पण वह्या काढून देतात.

आणखी कोणा सभासदाच्या मुलामुलींना अशा नोंदी पाहायच्या असतील तर शेती अधिकाऱ्यांकडे साधा अर्ज द्यावा. नोंदी ऑफिसातच पाहाव्या लागतील आणि सभासदांची नावे उतरवून नेता येणार नाहीत.