हवाई अंतर व उड्डाणकाल

दोन विमानतळांना जोडणाऱ्या भूपृष्ठावरील लघुतम मार्गाच्या लांबीस हवाई अंतर आणि तो मार्ग आक्रमिण्यास विमानास लागणाऱ्या वेळेस उड्डाणकाल म्हणतात. हवाई अंतर स्थिर असते. उड्डाणकाल मात्र दिशा, ऋतू व वारे यांनुसार बदलतो. न्यूयॉर्क–लंडन मार्ग हे याचे उत्तम उदाहरण होय.

अंतर : गोलाच्या पृष्ठावरील लघुतम मार्ग हा बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे ज्याचे केंद्र गोलाच्या केंद्राशी एकरूप असते अशा वर्तुळाचा, कंस असतो. न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी व लंडनचा हीथ्रो या विमानतळांमधील कंस पृथ्वीच्या केंद्राशी सु. ४९·८° कोन करतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. धरल्यास त्याची लांबी सु. ५,५४० किमी. येते. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर हा मार्ग उत्तरेकडे वळसा घेणारा व म्हणून लांबचा भासतो. प्रत्यक्षात त्या नकाशावरील सरळ रेषेने, म्हणजे उत्तर दिशेशी एकच कोन राखून गेल्यास, सु. २२० किमी. अधिक प्रवास घडतो.

काल : मध्य अक्षांशांत सु. ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. हिवाळ्यात ते अधिक प्रबल असतात. ताशी ९०० किमी. वेगाच्या विमानास वारा नसताना हे अंतर तोडण्यास ६ तास ९ मिनिटे लागतील. ताशी १०० किमी. वेगाचा वारा अनुकूल असल्यास ५ तास ३२ मिनिटे, तर तितकाच प्रतिकूल असल्यास ६ तास ५५ मिनिटे लागतील. जाताना वाचलेल्या वेळेपेक्षा येताना अधिक वेळ खर्च होतो. कारण विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक काळ राहते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी झोतवाऱ्याच्या साहाय्याने बोइंग ७४७ जातीचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांहून कमी वेळात पोहोचले.

इंधन : विमानात भरावयाचे इंधन केवळ अंतरावरून ठरविता येत नाही. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी कॉमेट ४ विमानांनी या मार्गावर जेट प्रवासी सेवा सुरू झाली. त्या दिवशी पूर्वेकडे निघालेले विमान सु. सव्वासहा तासांत न थांबता लंडनला पोहोचले. पश्चिमेकडे निघालेल्या विमानास मात्र इंधनासाठी न्यू फाउंडलंडमधील गँडर येथे उतरावे लागले व एकूण दहा तासांहून अधिक वेळ लागला. वाऱ्याचा अंदाज, पर्यायी विमानतळापर्यंतचे अंतर व राखीव साठा या सर्वांचा इंधनाच्या हिशेबात समावेश करावा लागतो. उत्तर अटलांटिकवरील हवाई मार्गही वाऱ्यांचा विचार करून दररोज नव्याने आखले जातात. लघुतम अंतराचा मार्ग प्रत्येक वेळी लघुतम कालाचा असतोच असे नाही.

वेळापत्रकातील वेळेत धावपट्टीपर्यंतची ये-जा व संभाव्य विलंबही धरलेला असतो. शिवाय तेथील वेळा स्थानिक असतात. लंडनचे घड्याळ बहुतेक काळ न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे असते. त्यामुळे सायंकाळी सातला न्यूयॉर्क सोडणारा प्रवासी सात तासांनी, परंतु घड्याळाप्रमाणे सकाळी सातला, लंडनमध्ये उतरतो.