स्मृतिभ्रंश : सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की, ती खरी की खोटी हे तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. वय झालेला माणूस विसरू लागला, हट्ट करू लागला, घरच्यांवर संशय घेऊ लागला की आपण ‘म्हातारचळ’ म्हणतो आणि विषय संपवतो. आठवडी बाजारात जाऊन कोथिंबीर आणायची विसरणे हा वयाचा भाग झाला. परंतु ज्या बाजारात चाळीस वर्षे गेलो, तिथून घरी यायचा रस्ताच न सापडणे हा वयाचा भाग नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. वैद्यकात त्याला डिमेन्शिया आणि मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात.

नाव थोडे फसवे आहे. या आजारात स्मृतीबरोबर भाषा, दिशांचे भान, हिशेब, बटणे लावण्यासारख्या साध्या क्रिया आणि कित्येकदा स्वभावही बदलतो. शिवाय ‘ताप’ म्हटल्याने जसा एकच रोग कळत नाही, तसेच स्मृतिभ्रंशाचे आहे. त्याची कारणे अनेक. त्यांत सर्वांत जास्त आढळणारा अल्झायमरचा आजार. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे होणारा.

आपल्या देशात याचे प्रमाण किती? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार साठ वर्षांवरील दर शंभरांत ७.४ जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोक. शहरांत हे प्रमाण ५.३, तर खेड्यांत ८.४. पुरुषांत ५.८ आणि स्त्रियांत ९.०. हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे असे समजणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

आता धाराशिव जिल्ह्यातले येडशी डोळ्यांसमोर आणू. सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव. जवळच रामलिंगाचे देऊळ आणि १९९७ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य. पूर्वी येथून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरकडे जात असे. २००८ पर्यंत हा मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली. समजा, या गावात एक आबा आहेत. वय पंच्याऐंशीच्या घरात. उभा जन्म छोट्या गाडीच्या रुळांवर गँगमन म्हणून गेलेला. एक मुलगा पुण्यात कंपनीत, दुसरा शेतात. दिवेलागणीला आबा उठतात, डोक्याला पटका गुंडाळतात आणि ‘गाडीची वेळ झाली’ म्हणून बाहेर पडतात. एका अंगाला भरधाव ट्रक, दुसऱ्या अंगाला जंगल. सून भाकरी तव्यावर टाकून मागे धावते.

हे घर आम्ही रचलेले आहे. असे एखादे घर आपल्या गावातही असेल, हे वाचणाऱ्या शिक्षकांच्या ध्यानात आलेच असेल.

आबांना २००८ पूर्वीची गाडी आठवते आणि तासाभरापूर्वी जेवलेले आठवत नाही, याचे कारण काय? शाळेच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. आलेला प्रत्येक कागद लिपिक तीत नोंदवतो आणि मग तो योग्य फाइलीत जातो. आपल्या मेंदूत, कानशिलाच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो. नव्या अनुभवांची आवक नोंद हा भाग करतो. अल्झायमरच्या आजारात बहुधा सर्वांत आधी झीज होते ती इथे आणि याच्या आसपास. चेतापेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो आणि पेशी मरू लागतात. नोंदवही बंद पडते. पण कपाटातल्या जुन्या फाइली बराच काळ शाबूत राहतात. (मेंदूत अशी कपाटे नसतात. एकेक आठवण अनेक ठिकाणी पसरलेली असते. उपमा इथपर्यंतच ताणावी.)

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. सून जेव्हा सांगते, “मामा, छोटी गाडी बंद होऊन किती वर्सं झाली!” तेव्हा ते वाक्य आबांना ऐकू येते, कदाचित पटतेही, परंतु त्याची नोंद होत नाही. दहा मिनिटांनी ते पुन्हा पटका गुंडाळतात. हट्ट करायचा तर आधीचे भांडण आठवावे लागते, आणि नेमके तेच त्यांना जमत नाही.

मग समजावणे अगदीच निष्फळ असते काय? दुर्दैवाने त्याचा परिणाम होतो, पण भलताच. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या रुग्णांना त्यांनी दुःखद आणि आनंददायी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने रुग्णांना चित्रफितीतले जवळजवळ काही सांगता येईना, पण त्यांतून उमटलेली भावना मात्र टिकून होती. इतकेच नव्हे, ज्यांना चित्रफीत कमी आठवत होती, त्यांचे दुःख अधिक वेळ टिकले. बोलणे पुसले जाते, बोलण्याचा डंख राहतो. आबा सायंकाळभर घुसमटलेले राहतात आणि का, ते त्यांना सांगता येत नाही.

म्हणून अनुभवी माणसे वाद घालत नाहीत. “गाडीला अजून वेळ आहे मामा, तोवर चहा घ्या,” असे म्हणून आबांना ओसरीवर बसवतात आणि रुळांच्या गोष्टी काढतात. हे खोटे बोलणे झाले काय, असा प्रश्न आम्हाला एका शिक्षकाने विचारला होता. आमच्या मते घाबरलेल्या माणसाची भीती घालवणे हे तिथले पहिले काम आहे. त्यातही आबा दिवेलागणीलाच का अस्वस्थ होतात, हे शोधावे. उजेड कमी झाल्याने सावल्या फसवतात, दिवसभराचा थकवा असतो. लघवी तुंबलेली असते, दात दुखत असतो. सांगता येत नाही म्हणून माणूस उठून चालू लागतो. कधी साठ वॅटचा दिवा चाळीसच्या जागी लावल्यानेही फरक पडतो.

याहून अवघड गोष्ट संशयाची. आबा पेन्शनचे पैसे उशीखालून काढून कणगीत ठेवतात आणि विसरतात. मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही. तो ती जवळच्या कारणाने भरतो. पैसे नाहीत, म्हणजे कुणीतरी घेतले. घरात कोण असते? सून. ‘सून चोरते’ हे आबा ओट्यावर बसून सर्वांना सांगतात, आणि सांगताना वाक्य अगदी नीट असते. दिवाळीला लेक दोन दिवस माहेरी येते. पाहुण्यांपुढे असे रुग्ण थोडा वेळ चांगले सावरून बसतात. ‘दादा तर बरे आहेत, वहिनीच नीट बघत नसेल,’ असा निष्कर्ष घेऊन ती सासरी परतते.

हा संशय आजाराइतकाच जुना आहे. १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिचा अभ्यास केला, १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी आपली निरीक्षणे मांडली. तिच्या पहिल्या लक्षणांत त्यांनी नोंदवली आहे ती नवऱ्याविषयीची तीव्र संशयी असूया. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत डेटरबाईंचे नाव आहे. घरी तो संशय सोसणाऱ्या नवऱ्याबद्दल कुणी फारसे लिहिलेले नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक स्मृतिभ्रंशाचे वर्णन लगेच ओळखत होते, पण त्याला आजार मानत नव्हते. म्हातारपण असेच, असे त्यांचे म्हणणे. आणि कारण विचारले तर मुलांनी केलेली हेळसांड, मायेचा अभाव, हे कारण पुढे येई. म्हणजे जी बाई रात्रीतून तीनदा उठून अंथरूण बदलते, तिच्यामुळेच हे झाले असा गावाचा निवाडा! आमच्या मते स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत अज्ञानाची सर्वांत मोठी किंमत हीच आहे, आणि ती रुग्ण नव्हे तर सांभाळणारी मोजते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात अशा व्यक्तीसाठी मराठीत ‘शुभंकर’ असा गोड शब्द वापरतात. शब्द चांगला आहे. पण तिची झोप त्याने पुरी होत नाही.

याच गोव्यात पुढे एक प्रयोग झाला. तो शिक्षकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेली ८१ कुटुंबे निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट केले. ४१ कुटुंबांना लगेच मदत मिळाली, ४० कुटुंबांना सहा महिन्यांनंतर. गट असे का पाडायचे? एरवी जी घरे मुळातच सावध, शिकलेली, तीच मदत मागायला पुढे येतात आणि मग सुधारणा मदतीमुळे की घरामुळे, ते कळत नाही.

मदत देणारे कोण होते? डॉक्टर नव्हेत, परिचारिकाही नव्हेत. बारावीपर्यंत शिकलेले, स्थानिक भाषा बोलणारे गृहसल्लागार. त्यांना आठवडाभराचे प्रशिक्षण दिले होते आणि त्यांच्या पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ व एक समुपदेशक होता. पंधरा दिवसांतून निदान एकदा ते घरी जात. आजार म्हणजे काय ते सांगत, आंघोळ-जेवण-भटकणे यांतल्या अडचणींवर मार्ग सुचवत, घरातल्या इतरांनी कामे वाटून घ्यावीत म्हणून बोलत, सरकारी योजनांची माहिती देत. गरज पडली तर डॉक्टरांकडे नेत.

सहा महिन्यांनी मोजले तेव्हा सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य मदत मिळालेल्या गटात लक्षणीय सुधारले होते, आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा मनस्तापही कमी झाला होता. रुग्णाचे वागणे स्वतः मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल इतके बदलले नव्हते. २००८ च्या त्या निबंधात हे स्पष्ट लिहिले आहे. आम्हाला हा अर्धा निकाल मोलाचा वाटतो. रोग तोच, रात्री त्याच, तरी सांभाळणारी व्यक्ती पूर्वीइतकी खचत नाही. आणि हे साधण्यासाठी लागले एक बारावी झालेले, बोलके माणूस.

अशी माणसे येडशीत नाहीत काय? आशा कार्यकर्ती आहे, अंगणवाडीताई आहे, निवृत्त गुरुजी आहेत. शाळेतल्या वरच्या वर्गांना हा विषय एकदा समजावून दिला तर निदान घरात आजोबांची नक्कल करून हसणे थांबेल. मुलांसाठी सुरुवात म्हणून सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट दाखवता येईल. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृतिभ्रंश झालेला संस्कृत पंडित उभा केला आहे. बाकी कामे किरकोळ दिसणारी आहेत. सदऱ्याच्या खिशात नाव, गाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी शिवून टाकणे. स्थानकावरच्या, महामार्गावरच्या चहावाल्यांना, धाबेवाल्यांना आबांची ओळख करून देणे. आणि आठवड्यातून दोन तास कुणीतरी आबांजवळ बसणे, म्हणजे सून दळण घेऊन येईल किंवा नुसती झोपेल.

डॉक्टरांकडे मात्र जायलाच हवे, कारण स्मृतिभ्रंशासारखे दिसणारे सगळेच काही स्मृतिभ्रंश नसते. थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचे परिणाम, डोक्याला मार लागून साचलेले रक्त, यांमुळेही माणूस गोंधळतो आणि यांवर उपचार आहेत. दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर तो संसर्गाचा किंवा क्षारांच्या असंतुलनाचा प्रकार असू शकतो. तिथे थांबू नये. खऱ्या अल्झायमरवर मात्र आजही बरे करणारे औषध नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. अलीकडची अमायलॉइड काढणारी प्रतिपिंडे आजाराच्या सुरुवातीलाच, महागड्या तपासण्या करून द्यावी लागतात, आणि त्यांनी ऱ्हासाचा वेग थोडासाच मंदावतो.

तपासणीतही एक अडचण असते. विदेशी चाचण्यांत ‘एक वाक्य लिहा’ असा प्रश्न असतो. ज्यांनी कधी पाटी धरली नाही, ते नापास होणारच. म्हणून १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ येथे अभ्यास करताना मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदी चाचणी बनवली, तीत लिहिण्याऐवजी घराविषयी काही बोलायला सांगितले. वयाचेही तसेच. आपल्याकडे जन्मतारीख विचारण्यापेक्षा ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी किती मोठे होता? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झाले होते का? भूकंपात, म्हणजे १९९३ ला, नातवंडे होती का?’ असे विचारलेले बरे. उत्तर आबांकडून घ्यावे आणि घरच्यांकडून पडताळावे.

जिल्हा रुग्णालयात जाताना घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, चष्मा आणि असल्यास कानाचे यंत्र बरोबर असावे. कोणती गोष्ट केव्हापासून जमेनाशी झाली, याचा कागद लिहून न्यावा. फोनवर बोलायचे असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत; ते सांभाळणाऱ्यांसाठीही आहेत. आणि आबांचा रक्तदाब मोजून झाला की, त्याच खुर्चीवर सोबत आलेल्या सुनेला बसवून तिचाही मोजून घ्यावा.